साडेआठ इंच

सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या गोदामाचं शटर वर गेलं, तेव्हा गाडी दिसायच्या आधी वास आला. हळदीचा. एकदा भिजून पुन्हा वाळलेल्या, कोंदट हळदीचा. उजेड आत शिरल्यावर रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे दोन गोल दिवे दिसले, वर पत्र्याची पापणी असलेले, झोपमोड झाल्यासारखे. व्यापाऱ्याचा नातू म्हणाला, "काका, नीट बघून घ्या. आजोबांची आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेलाय, पण आज्जी द्यायला तयार नाही."

मी काही नीट बघितलं नाही. टायर बसलेले, मागची काच तडकलेली, दारांखालचा पत्रा पापडासारखा सुटलेला. दिसत होतं सगळं. पण मन आधीच ठरलेलं असलं की डोळ्यांना कोण विचारतं? १९६४ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. भंगाराच्या भावावर थोडे पैसे चढवून व्यवहार झाला. आज्जींनी एकच अट घातली, गाडी तोडायची नाही. मी हो म्हणालो, आणि खोटं बोललो.

कारण मला हेराल्ड नकोच होती. मला हवी होती ट्रायम्फ स्पिटफायर. वालचंद कॉलेजात असताना विश्रामबागेतल्या एका रद्दीवाल्याकडे मुखपृष्ठ फाटलेलं एक जुनं इंग्लिश मासिक मिळालं होतं. आतल्या एका पानावर लाल रंगाची, बसकी, टप उघडलेली, दोघांपुरती गाडी. ते पान माझ्या ड्रॉइंगच्या शीटांमागे तीन वर्षं टाचलेलं होतं. पुढे नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण सगळं यथासांग झालं, पण पान काही टाकवलं नाही. स्पिटफायर भारतात कधी बनली नाही, आणि बाहेरून मागवणं माझ्या खिशाचं काम नव्हे.

तिची थोरली बहीण मात्र इथे बनत होती. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचं रूप जोव्हानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन डिझायनरने रेखाटलेलं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी तीच गाडी 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनवू लागली. ज्या काळात गाडी म्हणजे अँबॅसिडर नाहीतर फियाट, त्या काळातली ही तिसरी. तिकडे इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फने हेराल्डचीच चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून तिच्यावर स्पिटफायर उभी केली. रूप पुन्हा मिकेलोत्तीचंच. हेराल्डच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर ९१.५ इंच. स्पिटफायरचं ८३. फरक साडेआठ इंचांचा. एक वीतसुद्धा नाही.

तेव्हा गोदामात आज्जींसमोर उभा राहून मी मान डोलवत होतो, आणि मनात करवत चालली होती.

गाडी हलवायला मार्केट यार्डातून हमाल आणले. चाकं जाम होती, त्यामुळे उचलूनच टेंपोत चढवावी लागणार होती. मुकादमाने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागच्या बंपरला हात घालून जरा उचलून बघितलं आणि म्हणाला, "सोळा पोती." त्याचं पोतं पन्नास किलोचं. पुस्तकात हेराल्डचं वजन आठशे किलोच्या आसपासच दिलंय. काटा बघून वजन सांगणारे आपण, आणि हात लावून सांगणारा तो.

घरी शेडमध्ये आणल्यावर पहिलं काम म्हणजे धुणं. इथेच पहिला झटका बसला. छताचं आतलं कापड आणि मागच्या काचेखालची फळी हळदीने पिवळीजर्द झाली होती. त्या गोदामात वीस-पंचवीस वर्षं पोती आपटली गेली, त्याची सगळी धूळ हिच्या अंगावर. साध्या पाण्याने काही निघेना, म्हणून बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि ब्रश मारला. कापड लाल झालं. लाल म्हणजे भडक लाल. पाणी ओघळून दारावरून खाली आलं तेही लाल, आणि शेडच्या फरशीवर रक्ताचं थारोळं पडल्यासारखं दृश्य. मी ब्रश टाकून मागे सरलो. गंज असा रंग देत नाही एवढं कळत होतं. मग काय?

आई तुळशीला पाणी घालत होती. तिने तिथूनच बघितलं आणि हसायला लागली. "अरे, इंजिनिअर ना तू? कुंकू कशाचं करतात?"

हळद आणि चुना! हळदीला खार लागला की ती लाल होते. शाळेत आम्ही हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकायचो, ते आठवलं. पण पन्नाशी ओलांडल्यावर आईसमोर आठवलं, त्याला काय किंमत. तिने उठून बोनेटवर ओघळलेल्या त्याच पाण्याचं बोट लावलं आणि पुढे टेकवलं. "झाली पूजा," म्हणाली. बायको दारातून बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "अहो, ही चालणार कधी?" या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

कामाला तात्या आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सत्तरच्या दशकात सांगलीत हेराल्डवर हात बसलेले जे काही मोजके मिस्त्री होते त्यांतले एक. गाडी बघून त्यांनी आधी बोनेट उघडलं. हेराल्डचं बोनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. मडगार्ड, दिवे, सगळं पुढचं तोंडच्या तोंड पुढे कलंडतं. इंजिन आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. तात्या सवयीने टायरवर बसले, जणू कट्ट्यावर. "हिच्यासारखी गाडी न्हाई सायेब. बसून काम करायचं. अँबॅसिडरनं आमची कंबर घालवली." मग हरभट रोडची गोष्ट निघाली. तिथल्या बोळात अँबॅसिडर तीनदा मागे-पुढे करायची, हेराल्ड एका दमात वळायची. ते खरंच आहे. तिचं वळण २५ फुटांचं, आणि मोटारींच्या दुनियेत तिचं नाव निघतं ते बऱ्याचदा याच गुणासाठी.

मी माझी नवी कोरी पान्यांची पेटी उघडली. तात्यांनी आत डोकावून बघितलं आणि बंद केली. "ह्ये सगळं मिलिमीटरचं. हिला सुताचं लागतंय." आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या हिशेबात इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. या गाडीचे बहुतेक नट साडेतीन, चार आणि साडेचार सुती. आता चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, आणि नट गंजलेला असला की तेवढ्याशा सैलपणात त्याचे कोपरे गोल करून ठेवतो. मग तो नट कुणाच्या बापाला सुटत नाही. हे मला माहीत होतं असं मी म्हणू शकलो असतो, पण तात्या यायच्या आधी मी दोन नट गोल करून ठेवले होते आणि ते त्यांनी बघितले होते.

नट सोडवणं ही विद्या आहे, आणि ती मला कुठल्या कॉलेजात शिकवली नाही. तात्यांचा पहिला नियम: "आदी आवळा, मग सोडा." गंजाने धरलेला नट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा. पकड तुटल्याचा बारीक 'टक' असा आवाज येतो. मग सोडायचा, अर्धा आटा उलटा, पाव आटा सुलटा. एवढ्यानेही नाही ऐकलं तर गॅसच्या ज्योतीने नट तापवायचा आणि त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटली होती. मागच्या स्प्रिंगचा एक बोल्ट दोन दिवस डिझेलमध्ये भिजवूनही हलला नव्हता, तो पाऊण मेणबत्तीत आला. बाहेर आलेल्या आट्यांवर मेणाची पातळ, तपकिरी साय होती, थेट शेवटच्या आट्यापर्यंत.

खोलण्यातला माझा वाटा कारकुनाचा. प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो, वहीत नोंद, आणि नट-बोल्ट-वॉशर धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून वर मार्करने नाव. चाळीसेक पिशव्या झाल्या होत्या. फार व्यवस्थित दिसत होत्या, मी त्यांचाही फोटो काढला. मग बोल्टांवर गंज चढू नये म्हणून मी प्रत्येक पिशवीत थोडं थोडं डिझेल ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस पिशव्या, चाळीसही कोऱ्या. मार्करची शाई डिझेलने पुसून नेली होती. त्या दिवशी काम बंद. मी आणि मुलगी फोटो समोर धरून आट्यांवरून, लांबीवरून, गंजाच्या रंगावरून बोल्ट ओळखत बसलो. सहा पिशव्यांची ओळख अजून पटलेली नाही. तेव्हापासून बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापतो, त्यावर खिळ्याने नाव कोरतो आणि पट्टी आतच टाकतो.

पुराचं सांगायचं राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ ची. पेठेत पाणी भरलं ते या गाडीच्या सीटपर्यंत चढलं. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला तर आधी नुसतं पाणीच आलं, बराच वेळ. तेल वर तरंगत असतं, त्यामुळे ते नंतर, दुधाळ चहाच्या रंगाचं. दारांखालच्या पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या हेराल्डमध्ये बोल्टने जोडलेल्या असतात. उरल्यासुरल्या पट्ट्या काढल्या तर आतला गाळ विटेसारखा अखंड निघाला. पत्रा गंजून गेला होता, पण गाळाने त्याचा आकार धरून ठेवला होता. मधोमध एक पुसट रेघ. तात्या म्हणाले, "खालचा पाचचा, वरचा एकोनीसचा." खरंखोटं कृष्णामाई जाणे, पण २००५ ला आमच्या घराच्या पायरीला लागलेलं पाणी मला आठवलं, आणि ती वीट फेकायला मला उगाचच दोन दिवस लागले.

पण ज्याने खरी धडकी भरली ती पाण्याने केलेली करामत नव्हती. हेराल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकाला खाली एक पितळेसारखा दिसणारा सांधा असतो, ट्रनियन. चाक धरून ठेवणारा पोलादी दांडा त्यात आट्यांनी बसवलेला असतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. म्हणजे सगळं पुढचं चाक एका बोल्टासारख्या आट्यावर तोललेलं. स्पिटफायरलाही हाच सांधा. लोटसने आपल्या एलान या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारसाठी ट्रायम्फचाच हा दांडा घेतला होता. कंपनीचं पुस्तक सांगतं की इथे गिअर ऑइल घाला, ९० नंबरचं. ग्रीस घातलं तर ते कालांतराने घट्ट होतं, आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. आटे गंजतात, आणि एक दिवस दांडा तिथेच तुटून चाक आडवं पडतं.

आमच्या डावीकडचा ट्रनियन उघडला. आत ग्रीस. वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं, सुतळीच्या टोकाने खरवडून काढावं लागलं. खाली दांड्याचे आटे, आणि तिसऱ्या आट्यापाशी केसासारखी एक काळी रेघ. तात्यांनी चष्मा पुसला, दांडा उन्हात धरला, नखाने ती रेघ चाचपली. नख अडकलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आमीच भरलंय हे," शेवटी म्हणाले. "ह्याच गाडीत न्हाई, पर समद्यांत. निपल दिसलं की ग्रीस मारायचं, असं उस्तादानं शिकवलं. बुक कुनी वाचलंय? आन् वाचाया येत हुतं कुनाला?"

मी म्हणालो, "तात्या, तुटला तर नाही ना."

"हिचा न्हाई तुटला," तात्या म्हणाले आणि दांडा माझ्या हातात देऊन चहाला गेले. बाकीच्यांचं मी विचारलं नाही.

आता साडेआठ इंचांकडे येतो. चासी कापायची तर आधी ती सरळ आहे की नाही हे बघायला हवं. तात्यांनी गाडी चारही बाजूंनी समपातळीत ठोकळ्यांवर घेतली, चासीवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, आणि जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. गवंडी घराची आखणी करतो, अगदी तसं. मग फुलीपासून फुलीपर्यंत सुतळी धरून कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे हवेत. नव्हते. मग मी टेप घेतला. उजवीकडे चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ९१.५ इंच, पुस्तकाबरहुकूम. डावीकडे ९१. पुन्हा मोजलं. ९१. कधीतरी, कुठेतरी, हिचं डावं अंग जोरात आदळलं होतं आणि चासीचा पुढचा फाटा मागे दबला होता. व्यापाऱ्याच्या घरी फोन केला तर आज्जी म्हणाल्या, हो, पेठनाक्याला एका बैलगाडीवर गेली होती, माणसाला काही झालं नाही, बैलालाही नाही.

तात्या फुल्यांकडे बघत उभे होते. "चार सूत आदीच कापलंय की कुनीतरी," ते म्हणाले. "तुमचं आता आठच इंच ऱ्हायलं, सायेब."

मी त्यांना माझा बेत कधी सांगितला नव्हता. पण शेडच्या भिंतीवर ते लाल गाडीचं पान चिकटवलेलं होतं, आणि मी रोज टेप घेऊन कुठे मोजतोय हे त्यांना दिसत होतं.

मग माझा बेत मी मोठ्याने बोलून दाखवला, आणि बोलता बोलता तो मलाच पटेनासा झाला. स्पिटफायरची चासी नुसती आखूड नाही. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी फाटे निघतात आणि बॉडी त्यांवर बसते. स्पिटफायरला ते फाटे नाहीत, तिथे बॉडीचे सिलच भार घेतात. म्हणजे कापून जोडलं तरी हाती येणार एक आखूड हेराल्ड, स्पिटफायर नव्हेच. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो तो चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. ही कारणं खरी आहेत. पण ती मला गोदामात उभं असतानाही माहीत होती, तेव्हा काही आड आली नव्हती. आड आले ते चार सूत. जी गाडी अर्धा इंच वाकडी झाली तर आम्ही दोघं तीन दिवस हळहळत होतो, तिचे आठ इंच मी कोणत्या तोंडाने कापणार होतो?

गेल्या रविवारी बॉडी उचलली. हेराल्डची बॉडी तुकड्यांत जोडलेली असते, त्यामागेही एक किस्सा आहे. पूर्वी ट्रायम्फवाल्यांसाठी बॉडी बनवणारा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतला. अखंड बॉडी ठोकून देणारं कुणी उरलं नाही, म्हणून वेगवेगळे भाग बोल्टने जोडायची गाडी बनवावी लागली. आमच्यासाठी ती अडचण सोयीची ठरली. दारांच्या पोकळीत लोखंडी पट्ट्या आडव्या जोडून घेतल्या, नाहीतर उचलताना बॉडी मधोमध बसते. पुढचे-मागचे बोल्ट सोडले, कॉलनीतली सहा पोरं बोलावली. "हं, उचला!" आणि बॉडी वर.

खाली चासीवर, जिथे जिथे बॉडी टेकते तिथे तिथे, पॅकिंगच्या चकत्या होत्या. कंपनीच्या रबराच्या, काही ट्यूब कापून केलेल्या. डावीकडे मागून दुसऱ्या जागी मात्र काहीतरी वेगळं. जाड, काळं, कडेला शिवणीची भोकं. तात्यांनी उचलून नाकाशी नेलं. चपलेचा तळ. कोल्हापुरी. कुणीतरी आपल्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या, चपलेचा तुकडा गोल कापून, मधे भोक पाडून इथे बसवला होता. कारण कळायला वेळ लागला नाही. चासी डावीकडे दबल्यावर त्या बाजूचं दार खाली घासत असणार. बॉडी तेवढी उचलून घेतली की दार लागतं. चासी सरळ करायला ना साधन, ना गिऱ्हाइकाकडे पैसे. पण दार लागायला हवं. या गाडीचं डावं दार किती मऊ लागतं याचं मला पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं, उजव्याहून मऊ.

तात्यांनी तो तुकडा बोटांत धरून दाबला. अजून लवचिक होता. "टाकू?"

चासी सरळ झाली की याचं काही काम उरणार नाही. ती पुढच्या महिन्यात एमआयडीसीत जिगवर, म्हणजे सरळ करायच्या चौकटीवर, चढेल. मी बिस्किटाच्या डब्याची एक पट्टी घेतली, खिळा घेतला आणि कोरलं: डावा, मागून दुसरा. चामडं. जाडी दोन सूत.